लागणे आणि सुटणे

कर्म करणाऱ्याचे त्या कर्मावर आणि त्याच्या फळावर कितपत स्वामित्व असते, हा भारतीय तत्त्वचिंतनातील जुना प्रश्न भाष्यग्रंथांत आणि कीर्तनांत पुष्कळ चर्चिला गेला आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयात धडपडणाऱ्या मित्रांची विनोदी कादंबरी हे मात्र त्याचे दुर्लक्षित राहिलेले घर होय. या कादंबरीचा खरा विषय नापास होणे हा असतो, आणि नापास होण्याचा कर्ता कोण हे मनाशी ठरविल्याशिवाय त्यावर धड हसताही येत नाही. वऱ्हाडात अशा कादंबरीचे सामान मुबलक आहे. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ सालचे; पुढे १९८३ मध्ये, विनाअनुदानित म्हणजे सरकारी मदतीवाचून चालणाऱ्या महाविद्यालयांना राज्यात वाट मोकळी झाल्यावर, बडनेरा, शेगाव आणि अकोल्याजवळील बाभुळगाव येथे महाविद्यालये निघाली, त्याच वर्षी अमरावती विद्यापीठही स्थापन झाले, आणि कापसाच्या शेतावर वाढलेली मुले उन्हाळी व हिवाळी अशा दोन परीक्षांच्या फेऱ्यात सापडली.

या मुलांच्या बोलीतील दोन क्रियापदे प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. गणिताच्या तिसऱ्या पेपरात नापास झालेला विद्यार्थी ‘मी नापास झालो’ असे सहसा म्हणत नाही. ‘एम-थ्रीत बॅक लागली ना बाप्पा’ असे म्हणतो. ‘बॅक’ म्हणजे मागे राहिलेला, पुन्हा द्यावयाचा विषय. नजर लागते, ग्रहण लागते, ठेच लागते, तशीच ही बॅक लागते. वाक्यात लावणारा कोणी नसतो, आणि ज्याला लागली तो केवळ सोसणारा असतो. तोच विषय दोन-तीन परीक्षांनंतर उत्तीर्ण झाला की ‘सुटला एकदाचा’ असे उद्गार निघतात, आणि येथेही सोडविणारा गुलदस्त्यातच राहतो. लागणे आणि सुटणे ही बंध आणि मोक्ष यांचीच देशी रूपे असून वसतिगृहातील भाषेने ती परीक्षेला बिनबोभाट जोडून टाकली आहेत.

या भाषेत अहंकाराचा त्याग आहे की जबाबदारीचा, हा कळीचा मुद्दा होय. गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आश्रय असलेले शरीर, कर्ता, करणे म्हणजे इंद्रियादी साधने, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे खटपटी, आणि पाचवे दैव, आणि हे पाचही असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याची समज गीता कच्ची ठरविते. विद्यार्थ्याच्या वाक्यात नेमकी उलटी चूक घडते. पाचांपैकी चार कारणे, विशेषतः पेपराच्या आदल्या रात्रीपर्यंत न उघडलेले पुस्तक, बाजूला पडतात आणि एकटे दैव शिल्लक राहते. तथापि ही चूक करणाऱ्याला ती चूक आहे हे पक्के ठाऊक असते, आणि ऐकणाऱ्यालाही ठाऊक असते. दोघेही हसतात ते याच जाणिवेवर. खोटे बोलणाऱ्याला असे हसता येत नाही.

देवाशी होणारा व्यवहार याच्या शेजारीच येतो. विषय सुटला तर अकोल्याहून शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला पायी जाईन, किंवा ‘गजानन विजय’ या दासगणूकृत एकवीस अध्यायांच्या ग्रंथाचे पारायण करीन, असा नवस बोलणारा विद्यार्थी वऱ्हाडात नवलाचा नाही. गीतेच्या सातव्या अध्यायातील वर्गीकरणानुसार तो आर्त, म्हणजे संकटात सापडून देवाला हाक मारणारा, आणि अर्थार्थी, म्हणजे काही मिळावे म्हणून भजणारा, अशा दोन्ही गटांत बसतो. गीता या दोघांना ज्ञानी भक्ताच्या खाली ठेवते, तरी त्यांना उदारच म्हणते. गाडगेबाबा इतके सौम्य नव्हते. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या या संताने नवससायासांवर कीर्तनातून सतत प्रहार केले, आणि ते करण्याची रीत श्रोत्यांना साध्या वऱ्हाडीत एकामागून एक प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून विसंगती वदविण्याची व हशा पिकविण्याची होती. अमरावती विद्यापीठाला आज त्यांचेच नाव आहे. म्हणजे नवस फेडावयाचा तो गाडगेबाबांच्या नावाची गुणपत्रिका हाती पडल्यावर. विनोदी कादंबरीकाराला याहून वेगळे काही रचण्याची गरज उरत नाही.

मराठी विनोदाचे जनक मानले जाणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) हेही वऱ्हाडातच वाढले. त्यांचे शालेय शिक्षण अकोल्याचे आणि पुढील वकिली बरीचशी खामगाव-जळगावची. धार्मिक विधींतील विसंगती दाखविण्यासाठी त्यांनी सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या असे मित्रांचे त्रिकूट उभे केले आणि त्या लेखनाला ‘सुदाम्याचे पोहे’ हे नाव दिले. नाव थट्टेचे असले तरी त्यामागील कथा सख्याची आहे, आणि सख्य म्हणजे देवाशी मित्रभाव ही नवविधा भक्तीतील आठवी भक्ती. कृष्ण आणि सुदामा हे मुळात सांदीपनींच्या आश्रमातले सहाध्यायी. भागवताच्या दहाव्या स्कंधात कृष्ण जुनी आठवण काढतो ती एखाद्या पाठाची नव्हे, तर सरपण आणायला गेले असता अवकाळी पावसात रान जलमय झाले, दिशा कळेनात, आणि दोघे एकमेकांचा हात धरून रात्रभर भटकले त्याची. पुढे सुदाम्याने लाजून लपविलेली पोह्यांची पुरचुंडी कृष्ण हिसकावून घेतो, एक मूठ खातो, आणि दुसरी घेताना रुक्मिणी, म्हणजे कौंडिण्यपूरची विदर्भकन्या, त्याचा हात धरते. माहेरच्या माणसांना हिशेब बरा कळतो, असे येथे म्हणता येईल.

नाट्यशास्त्रात हास्याचे आत्मस्थ व परस्थ असे दोन भेद केले आहेत. स्वतः हसणे ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसविणे ते परस्थ. एकत्र भिजलेल्यांच्या हसण्यात हा भेद जवळपास मिटतो, आणि बॅक लागलेल्यांच्या थट्टेला जी काही आध्यात्मिक किंमत असेल ती या मिटण्यात आहे. कादंबरीत मात्र एक अडचण उद्भवते. चेतन भगत यांच्या ‘फाइव्ह पॉइंट समवन’ (२००४) मध्ये दिल्लीच्या आयआयटीतील तिघा मित्रांची कथा त्यांच्यातलाच एक जण सांगतो, आणि तो शेवटी तेथून बाहेर पडलेला आहे. या प्रकारातील हसू बहुधा असे काठावर पोहोचलेल्याचे असते. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकर पदवीवाचून गावी परततो आणि तरीही स्वतःच बोलतो, म्हणून तिथला विनोद वाचकाला सुखाने हसू देत नाही. वर्ष वाया गेले म्हणून गावी परतलेला, कापसाच्या गाडीमागे जिनिंगच्या फाटकात उभा असलेला चौथा मित्र कोणत्या क्रियापदात बोलतो, हे वसतिगृहाच्या कादंबरीला ठाऊक नसते.

सुदामा द्वारकेहून निघतो तेव्हा त्याच्या हाती काहीच नसते, कारण त्याने काही मागितलेले नसते. वाटेत तो स्वतःची समजूत घालतो की, निर्धनाला धन मिळाले तर तो उन्मत्त होऊन देवाला विसरेल, म्हणूनच दयाळू कृष्णाने काही दिले नाही. हा युक्तिवाद आहे, सांत्वन आहे आणि किंचित विनोदही आहे. निकालाच्या दिवशी बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहणारा मुलगा जो करतो तोच. घराच्या जागी प्रासाद उभा राहिल्याचे भागवताच्या श्रोत्याला ठाऊक असते. सुदाम्याला त्या वाटेवर ते ठाऊक नाही.