अमोल आणि फुकट

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला घरखर्चाची वहीही पाटावर मांडतात. गेल्या दिवाळीत मी ती सहज चाळली. दर महिन्याला माझे नाव होते : आईच्या औषधपाण्यासाठी इतके रुपये जमा. अर्धांगवायूने आई पाच वर्षे अंथरुणाला खिळलेली. दूर राहूनही आपण कर्तव्याला चुकलो नाही, या विचाराने बरे वाटले.

मग वहिनींचे नाव शोधले. ते कुठेच नव्हते. आईला कुशीवर वळवणे, भरवणे, रात्री तीनतीनदा उठणे, त्यापायी सोडलेली शाळेतली नोकरी, यांपैकी कशालाच वहीत रकाना नाही! 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातही आईवडिलांना सांभाळणाऱ्या अपत्यांत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत; सून नाही. कायद्याने तिच्याकडे जे मागितले नाही, ते आम्ही न मागता घेतले.

अशा सेवेचे मोल करू नये, असे आपण म्हणतो. खरे आहे. पण अमोल म्हणता म्हणता आपण ती फुकट घेऊ लागतो. मायेने केलेल्या कामानेही पाठ दुखतेच.

"वहिनी, पाडव्याला काय आणू?" मी विचारले.

त्या हसल्या. "भावजी, चार रात्री सलग झोप आणा."

तेव्हापासून महिन्यातल्या चार रात्री आईच्या उशाशी मी असतो. वहिनींच्या नावे बँकेत दरमहा थोडी रक्कमही टाकतो. ऋण फिटले असे वाटत नाही. ते आहे, एवढे मात्र आता वहीत दिसते.