‘समजून घेणे’ : एका क्रियापदाची नैतिक चिकित्सा

गगनबावड्याच्या एस. टी. स्थानकावर आषाढात गाडीची वाट पाहताना वेळेचे भान सुटते. धुके फलाटापर्यंत आलेले असते, गगनगड दिसेनासा झालेला असतो आणि करूळ घाटातून वर येणारी गाडी केव्हा येईल याचा नेम नसतो. अशाच एका दुपारी शेजारच्या बाकावरील मायलेकींचे बोलणे कानांवर पडले. लेक घाटाखाली कोकणात दिलेली. चार दिवसांसाठी माहेरी आलेली, आता परत जायला नाखूश. आई म्हणाली, ‘‘त्येचं बी डोस्कं फिरतंय कामानं. समजून घ्यावं लागतंय, पोरी.’’ लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘समजलंय मला. म्हनूनच जात न्हाई.’’ पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही. कोल्हापूरची गाडी आधी लागली आणि मी निघून आलो.

त्या दोन वाक्यांत एकच धातू परस्परविरोधी अर्थांनी आला आहे. आईच्या ‘समजून घेणे’त सोसणे अभिप्रेत आहे, लेकीच्या ‘समजणे’त ज्ञान. मराठीने या धातूभोवती एक मोठे कुटुंब वसवले आहे : समजूत, समजूतदार, समजावणे, समजूत काढणे. ‘समजूतदार’ हे विशेषण बहुधा त्या व्यक्तीला लावले जाते, जिने आपला हक्काचा राग गिळला आहे. आणि ‘समजूत काढणे’ म्हणजे सत्य शोधणे नव्हे, तर समोरच्याला त्याच्या सत्याचा आग्रह सोडायला लावणे. मार खाणाऱ्या स्त्रीची समजूत काढली जाते. मारणाऱ्याला मात्र, फार तर, समज दिली जाते. कर्माच्या या वाटणीतच आपल्या कुटुंबव्यवस्थेचे नीतिशास्त्र सामावले आहे, असे म्हणणे अतिशयोक्त ठरू नये.

‘नांदणे’ या क्रियापदाचेही तसेच आहे. घरात सुखशांती नांदते, पण लग्नानंतर नांदते ती केवळ स्त्री. पुरुष नांदत नाही, तो ‘नांदवतो’ किंवा ‘टाकतो’. ज्या भाषेत सहजीवनाचे प्रयोजक रूप एकाच पक्षाच्या हाती आहे, त्या भाषेत घरातील मारहाणीला ‘हिंसा’ म्हणणे फार उशिरा सुरू व्हावे यात नवल नाही. त्याआधी तिला ‘जाच’, ‘सासुरवास’ अशी नावे होती. ती अर्थशून्य नव्हती. जात्यावरच्या ओव्यांनी या शब्दांत अपार दुःख साठवले आहे. परंतु सासुरवास ही ऋतूसारखी अवस्था आहे, तिला कर्ता नसतो. हिंसेला कर्ता असतो, आणि जिथे कर्ता आहे तिथेच जबाबदारीचा प्रश्न विचारता येतो.

हा कर्ता कायद्याच्या भाषेत आणण्याचा एक प्रारंभिक प्रयत्न याच परिसरात झाला, हे आपण मराठीचे अभ्यासक सहसा ध्यानात घेत नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१९ साली कोल्हापूर संस्थानात स्त्रियांना क्रूरपणाने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. पंत अमात्यांची बावडा जहागीर याच संस्थानाच्या आधिपत्याखाली होती. भारतीय दंडसंहितेत ४९८ अ हे कलम यायला १९८३ उजाडले आणि शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक व आर्थिक अशा छळाच्या प्रकारांना एकत्र नाव देणारा कौटुंबिक हिंसाचारविषयक कायदा २००५ साली संमत होऊन ऑक्टोबर २००६ मध्ये अमलात आला. दंडसंहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा ४९८ अ मधील तरतूद ८५ व ८६ या कलमांत गेली. एवढा प्रवास होऊनही गगनबावड्याच्या बाकावर भाषा आईचीच चालते. कायदा नाव देतो; नाव उच्चारण्याचे बळ तो देतोच असे नाही.

येथे साहित्याचा, आणि मुख्यतः वाचनाचा, प्रश्न उपस्थित होतो. १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. तिने बहिणीला व मैत्रिणीला लिहिलेली पत्रे खटल्यात पुरावा म्हणून आली. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये आरोपीला निर्दोष ठरवले. पुराव्याच्या साखळीविषयी त्या निकालाने घालून दिलेली तत्त्वे आजही उद्धृत होतात, आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळणे हे न्यायाचे मूलतत्त्वच आहे. माझा मुद्दा निकालाचा नाही, पत्रांच्या अर्थनिर्णयनाचा आहे. ती पत्रे मृत्यूपूर्वीच्या परिस्थितीविषयीचे निवेदन म्हणून ग्राह्य धरली गेली. पण त्यांतूनच लिहिणारीची खिन्न, संवेदनशील मनोवस्था वाचली गेली आणि आत्महत्येची शक्यता पुढे आली. एकाच संहितेच्या येथे दोन वाचनपद्धती दिसतात. एकीत पत्र हे जगाविषयीची साक्ष आहे, दुसरीत लिहिणारीच्या मनाचे लक्षण. न्यायालयाला दोन्ही शक्यता तपासणे भागच असते. समीक्षकाला ते भाग नसते, तरी तो बहुधा दुसरीच निवडतो. स्त्रियांच्या आत्मकथनांविषयीच्या आपल्या समीक्षेत ‘तरल’, ‘हळवी’, ‘सोशिक’ ही विशेषणे किती सहज येतात! ‘त्याने मारले’ या विधानाला आपण ‘तिला किती लागले’ या विधानात रूपांतरित करतो आणि त्या रूपांतराला रसग्रहण म्हणतो.

हे लिहिताना मी स्वतःला वगळू शकत नाही. माझ्या प्रबंधात एका नायिकेच्या ‘सोशिक समंजसपणा’चा मी गौरव केला होता. मौखिकीत कोणीही हरकत घेतली नाही.

याउलट असा आक्षेप घेता येईल की, मारणाऱ्यालाही समजून घेतले पाहिजे. साहित्याचे कार्यच ते. हा आक्षेप हलका नाही. तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’ (१९८३) मधला अरुण आठवले ज्योतीला मारतो, त्यामागे जातीने पिढ्यान्‌पिढ्या केलेला अपमान आहे असे नाटक सुचवते, आणि समाजवादी नाथ देवळालीकरला मुलीला मारणाऱ्या जावयाच्या आत्मचरित्राविषयी जाहीर सभेत बोलावे लागते. दलित समीक्षकांनी या नाटकावर घेतलेले आक्षेप मला बऱ्याच अंशी रास्त वाटतात : घरातील हिंसा सर्व जातींत असताना तिचे कारण एकाच जातीच्या इतिहासात शोधले की सवर्ण घरातला नवरा आपोआप पडद्याआड जातो. पण क्षणभर ते कारण मान्य केले, तरी ते अपुरे पडते. अपमानाचा इतिहास अरुणच्या क्रोधाचे स्पष्टीकरण देईल. तो क्रोध ज्योतीकडेच का वळतो, याचे देणार नाही. ज्या व्यवस्थेने अपमान केला तिच्यावर हात उचलता येत नाही, आणि घरात उचलला तर कोणी विचारत नाही, हे मारणाऱ्याला नेमके ठाऊक असते. कामाने फिरलेले डोके मुकादमासमोर ताळ्यावर राहते आणि उंबऱ्याच्या आत फिरते, तर त्याला ‘फिरलेले’ कसे म्हणावे? त्या डोक्याला जागा आणि माणूस बरोबर कळतो. कारण आणि समर्थन यांतील अंतर आपण तत्त्वतः मान्य करतो. व्यवहारात कारण सापडताच आपला स्वर मऊ होतो.

मल्लिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४) या मऊ स्वराला नकार देते. नवऱ्याचे कवी म्हणून मोठेपण ते नाकारत नाही, आणि त्या मोठेपणाला सबब म्हणून स्वीकारतही नाही. ही दुहेरी नजर मराठी वाचकाला जड गेली असावी. थोर कवी आणि मारणारा नवरा यांपैकी एकाची निवड करून मोकळे होणे आपल्याला सोयीचे.

बेबी कांबळे यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ‘जिणं आमुचं’ (१९८६) मध्ये महारवाड्यातील सुनांचा छळ, त्यांची नाके कापली जाण्यापर्यंतची क्रूरता, निर्भीडपणे आली आहे. स्वतःच्या संसारातील मार मात्र तेथे जवळजवळ नाही. त्याविषयी त्या बोलल्या ते माया पंडित यांच्याशी झालेल्या मुलाखतीत. पुस्तकाच्या २००८ मधील इंग्रजी अनुवादाबरोबर ती प्रसिद्ध झाली. नवरा संशय घेई, मारी. लेखनही कित्येक वर्षे लपवून ठेवावे लागले. आता या मौनाचे काय करायचे? ‘समाजाचे दुःख व्यक्तिगत दुःखाहून मोठे मानले’ असे म्हणून त्याचा गौरव करणे सोपे आहे, आणि ते काही अंशी खरेही असेल. परंतु ज्या घरात वही लपवावी लागते, त्या घरात न लिहिलेल्या ओळीला केवळ वाङ्मयीन निवड मानता येत नाही. इतर सुनांविषयी लिहिताना त्या जे जाणत होत्या, ते कोठून जाणत होत्या, हा प्रश्न पुस्तकाच्या प्रत्येक पानाला विचारावा लागतो, आणि मग तेथील ‘आमुचं’ या सर्वनामाचा अर्थ बदलतो.

गेल्या वर्षी एम. ए.च्या वर्गात हे पुस्तक शिकवताना मी मौनाविषयीचा हाच मुद्दा मांडला. तास संपल्यावर गगनबावडा तालुक्यातून येणारी एक विद्यार्थिनी थांबली. तिचे म्हणणे असे की, मौन का, हे आपण बाईंनाच विचारतो आहोत. घरातल्यांनी वही का शोधली असती, हा प्रश्न परीक्षेत कधी येत नाही. मी तिला तो प्रश्न लिहून द्यायला सांगितला. पुढल्या सत्राच्या प्रश्नपत्रिकेत मी तो घातला, नियामक मंडळाने ‘अभ्यासक्रमाबाहेरचा’ म्हणून तो काढला, आणि त्याच्या जागी कांबळे यांच्या सोशिकतेवर टीप लिहा, असा प्रश्न आला.