शेजाऱ्याचा किल्ला



दिवाळी सरली आहे आणि आगमनकाळ तोंडावर आला आहे. या मधल्या दिवसांत शिरूरच्या गल्ल्यांतून किंवा दौंडच्या रेल्वे क्वार्टर्सवरून चक्कर मारली, की मुलांनी केलेले किल्ले काही ठिकाणी अजून उभे दिसतात. दगड-विटा रचायच्या, त्यांवर गोणपाट टाकायचे, चिखल लिंपायचा, अळीव किंवा मोहरी पेरायची आणि हिरवळ उगवली की मावळे मांडायचे. आपल्याकडची काळी माती वाळली की तिला भेगा पडतात, म्हणून मुले कुठून तरी तांबडी माती मिळवतात. आपल्या ख्रिस्ती घरांतली मुलेही मित्रांबरोबर या चिखलात हात घालतात. आता तीच मुले नाताळच्या गोठ्यासाठी पुठ्ठे आणि गवत जमवू लागतील. काही घरांत प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा डबा असतो. त्यातून मुले घर, आगगाडी, पूल असे मनात येईल ते बांधतात.

माती, पुठ्ठा किंवा ठोकळे, साहित्य कोणतेही असो, खेळ एकच आहे. मोठ्या जगातली एखादी गोष्ट लहान करून आपल्या हातांनी उभी करायची. आणि या खेळाला आपण मोठी माणसे बहुतेक वेळा एक गोष्ट जोडतो, ती म्हणजे स्पर्धा. मंडळाची किल्ले स्पर्धा, शाळेची मॉडेल स्पर्धा, चर्चची गोठा स्पर्धा. येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो फक्त मुलांचा नाही. शेजाऱ्याचा किल्ला माझ्या किल्ल्यापेक्षा चांगला झाला, तर मला मनापासून आनंद होऊ शकतो का? होत नसेल, तर स्पर्धेला मैत्रीपूर्ण म्हणण्यात काय अर्थ आहे?

यावर पालकांची दोन मते ऐकायला मिळतात. काही जण म्हणतात, "बक्षिसे बंद करा, फादर. मुलांची मने दुखावतात." दुसरे म्हणतात, "जगात शर्यतच आहे. मुलांनी आतापासून शिकलेले बरे." ही मते परस्परविरोधी वाटतात, पण दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: दुसऱ्याचे यश म्हणजे माझे नुकसान. पहिले पालक त्या नुकसानापासून मुलाला वाचवू पाहतात आणि दुसरे त्याला ते सोसायला शिकवतात. ती समजूत खरी आहे का, हे मात्र कोणी तपासत नाही.

सुमारे २७०० वर्षांपूर्वी होऊन गेलेला ग्रीक कवी हेसियड याने ती तपासली होती. त्याच्या मते चढाओढ एक नसून दोन आहेत. एक माणसांना भांडणाकडे आणि युद्धाकडे नेते. दुसरी मात्र माणसाच्या हिताची आहे. शेजारी कष्ट करून वर येतो आहे हे पाहून आळशी माणूसही कामाला लागतो, ती ही चढाओढ. विशेष म्हणजे उदाहरण देताना त्याने कुंभारांचा आणि घरे बांधणाऱ्या कारागिरांचा उल्लेख केला आहे. म्हणजे आपल्या किल्लेवाल्या मुलांचीच ही गोष्ट.

पुढे ॲरिस्टॉटलने हा फरक आणखी स्पष्ट केला. आपल्या भाषेत त्यासाठी दोन चांगले शब्द आहेत: हेवा आणि चुरस. हेवा करणाऱ्याचे दुःख असे की, ती गोष्ट त्याच्याकडे आहे. चुरशीने पेटलेल्याचे दुःख असे की, ती गोष्ट माझ्याकडे अजून नाही. पहिल्याला दुसऱ्याचा किल्ला पडावा असे वाटते. दुसरा घरी जाऊन पुन्हा चिखल मळायला घेतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनास यांनी हेव्याची व्याख्या केली, ती म्हणजे दुसऱ्याच्या चांगल्याबद्दल वाटणारे दुःख. त्यांनी त्याचे कारणही सांगितले. दुसऱ्याचे चांगले झाल्याने माझा मोठेपणा कमी झाला, असे मला वाटते, म्हणून हे दुःख होते.

येथेच गाठ सुटते. जगात दोन प्रकारच्या चांगल्या गोष्टी आहेत. काही वाटल्या की कमी होतात. भाकरीचे दोन भाग केले की प्रत्येकाला अर्धीच मिळते. पहिल्या क्रमांकाची ढाल एकच असते, ती तुला मिळाली तर मला मिळत नाही. पण काही गोष्टी वाटल्याने कमी होत नाहीत. पलीकडच्या गल्लीतल्या मुलाला सुचले की चिखलात थोडा भुसा कालवला तर भेगा कमी पडतात. ती युक्ती त्याने सांगितली, तर पुढच्या वर्षी सगळ्या गल्लीचे किल्ले टिकतील आणि त्याच्या किल्ल्याचे काहीच उणे होणार नाही. संत ऑगस्टीन यांनी चांगुलपणाविषयी हेच म्हटले आहे की, सोबत्यांबरोबर वाटून घेतल्याने तो घटत नाही.

म्हणून स्पर्धा मैत्रीची की वैराची, हे बक्षीस आहे की नाही यावर ठरत नाही. आपले मन कशात गुंतले आहे, यावर ते ठरते. मन ढालीत असेल, तर शेजारी आपल्या वाटेतला अडथळा आहे. मन किल्ल्यात असेल, म्हणजे रायगडाचा कडा खरोखर कड्यासारखा कसा दिसेल याचा ध्यास असेल, तर ज्याला तो साधला तो आपला गुरू आहे. त्याच्यापुढे थोडा वेळ थांबून पाहावेसे वाटते. समोरच्याची कलाकृती आपण किती वेळ नीट पाहू शकतो, ही माझ्या मते हेव्याची सोपी परीक्षा आहे. हेवा वाटणारा एक नजर टाकतो, खोट काढतो आणि निघून जातो.

हातातल्या कामावर असे प्रेम कसे असते, याचे एक उदाहरण प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांच्याच इतिहासात आहे. डेन्मार्कमधील बिलुंड या गावी ओले कर्क क्रिस्टियनसेन नावाचे सुतार होते. १९३२ साली, मंदीच्या काळात, त्यांनी लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. पुढे याच कारखान्याचे नाव लेगो झाले. एकदा त्यांच्या मुलाने, गॉडफ्रेडने, लाकडी बदकांना वॉर्निशचे तीनऐवजी दोनच हात दिले आणि पैसे वाचवल्याचे वडिलांना कौतुकाने सांगितले. बदकांची पेटी स्टेशनवर पोहोचली होती. वडिलांनी त्याला ती परत आणायला लावली आणि तिसरा हात देऊन पुन्हा स्टेशनवर पोहोचवायला सांगितले. तेही एकट्याने. त्या बदकांना कोणी परीक्षक नव्हता. वॉर्निशचा एक हात कमी आहे हे कोणत्याही मुलाला कळले नसते. पण बदक नीट व्हायला हवे होते, एवढेच कारण पुरेसे होते. याच गॉडफ्रेडच्या काळात, २८ जानेवारी १९५८ रोजी, आज जगभर दिसणाऱ्या ठोकळ्याच्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज झाला. त्या वेळचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो.

आता आपल्या घरांकडे वळू या. स्पर्धा बिघडते ती तीन ठिकाणी आणि तिन्ही ठिकाणी दोष मुलांचा नसतो.

पहिले ठिकाण म्हणजे आईवडिलांची मदत. किल्ला वडिलांनी बांधायचा आणि मुलाने शेजारी उभे राहून फोटो काढायचा, हे आपण पाहतो. बाजारात प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्लेही मिळतात. ठोकळ्यांच्या संचाबरोबरही नमुन्याचा कागद येतो. तो पाहून बांधण्यात काही वाईट नाही, अक्षर गिरवल्याशिवाय कोणी लिहायला शिकत नाही. पण कधीतरी तो कागद बाजूला ठेवून स्वतःच्या डोक्यातले बांधायला हवे. ते वाकडे झाले तरी मुलाचे असते. मुलाचे वाकडे काढून घेऊन त्याच्या हातात आपले सरळ देणे, हे प्रेमाने केले तरी हिरावून घेणेच आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे पैसा. ठोकळ्यांचा चांगला संच हजारो रुपयांना मिळतो. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत कंत्राटी काम करणाऱ्या बापाने तो कुठून आणावा? ज्याच्याकडे मोठा डबा आहे त्याचेच मॉडेल मोठे होणार असेल, तर ती कौशल्याची स्पर्धा नसून खिशाची आहे. तो अन्याय आहे आणि हसरे चेहरे करून तो मैत्रीचा होत नाही. यावर उपाय सोपा आहे. सगळ्यांचे ठोकळे एकत्र करावेत आणि प्रत्येक गटाला सारखे मोजून द्यावेत. ठोकळे कमी पडतील अशी भीती नको. आठ बुंधे असलेले एकाच रंगाचे दोन ठोकळे २४ प्रकारे जोडता येतात. तीन ठोकळे १,०६० प्रकारे. आणि सहा ठोकळे? कोपनहेगनच्या गणितज्ञांनी संगणकावर मोजले, ते उत्तर ९१,५१,०३,७६५ आले. सहा ठोकळ्यांत एवढे दडलेले असेल, तर मूठभर ठोकळ्यांत गरिबाच्या मुलाला काहीच उणे पडणार नाही. मातीचा किल्ला तर याहून न्यायी, कारण मातीला पैसे पडत नाहीत.

तिसरे ठिकाण म्हणजे हरलेल्या मुलाशी आपले बोलणे. "हरणे-जिंकणे महत्त्वाचे नसते," असे आपण सांगतो आणि लगेच जिंकलेल्याचा फोटो काढायला धावतो. मुलाला हे कळते. त्याचे दुःख खरे आहे, ते खोटे ठरवू नये. त्याच्या शेजारी बसावे आणि त्याच्या किल्ल्यातली एक नेमकी चांगली गोष्ट दाखवावी. "तुझ्या दरवाज्याची कमान मला आवडली, ती पडू नये म्हणून तू काय केलेस?" या प्रश्नाने त्याचे मन ढालीवरून कामाकडे परत येते. नंतर त्याला जिंकलेल्याचा किल्ला दाखवायला न्यावे. घाई करू नये, दुसऱ्या दिवशी नेले तरी चालेल.

असे करता येते याला जगात आधार आहे. १९९८ साली सुरू झालेल्या 'फर्स्ट लेगो लीग' या स्पर्धेत मुले ठोकळ्यांचे यंत्रमानव बांधतात. आता ती भारतातही होते. तेथे यंत्रमानवाने किती काम केले एवढेच पाहत नाहीत. गट एकमेकांशी आणि प्रतिस्पर्ध्यांशी कसे वागले, याचेही परीक्षण होते. आपण गोठा स्पर्धा घेताना एवढे करू शकतो. कोणी कोणाला कोणती युक्ती शिकवली, हे परीक्षकांनी मुलांना विचारावे आणि त्याला गुण द्यावेत. निर्गमाच्या ३५व्या अध्यायात निवासमंडप बांधणाऱ्या बसालेलाविषयी आपण वाचतो. परमेश्वराने त्याला कारागिरी दिली आणि तिच्याबरोबर ती इतरांना शिकवण्याची बुद्धीही दिली.

आणि गोठ्याविषयी एक शब्द. १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी ग्रेचिओ गावात नाताळचा देखावा उभा केला, तेव्हा त्यात गवत, बैल आणि गाढव होते. आपल्या गोठ्यात विजेच्या माळा किती, यावर क्रमांक लागू नये, एवढी काळजी आपण घेऊ या.

पावसाचे दोन थेंब पडले की मातीचा किल्ला विरघळतो. ठोकळ्यांचे मॉडेल सुटे होऊन डब्यात जाते आणि कोणता ठोकळा कोणाच्या महालातला होता हे सांगता येत नाही. उरते ते हातांना आलेले कसब आणि एकत्र घालवलेल्या दुपारी.

तेव्हा पालकांना एक विनंती. पुढच्या रविवारपर्यंत आपल्या मुलाला किंवा मुलीला घेऊन दुसऱ्या एखाद्या मुलाने बांधलेली कोणतीही वस्तू पाहायला जा. किल्ला असेल, गोठा असेल, नाहीतर ठोकळ्यांची आगगाडी. तिच्यातली शिकण्यासारखी एक गोष्ट दोघांनी मिळून शोधा आणि ती बांधणाऱ्याला तोंडावर सांगून या.

आपला,
धर्मगुरू