कार्ड आणि दार

सर्कशीत झोक्यावरच्या कसरती चालू असतात तेव्हा सगळ्यांचे डोळे वर लागलेले असतात. खाली ताणलेल्या जाळीकडे कुणी पाहत नाही. गरिबांची रुग्णालये म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थांना अमेरिकेत ‘सेफ्टी नेट हॉस्पिटल’ म्हणजे जाळीची रुग्णालये म्हणतात. हे नाव मला थोडे लबाड वाटते. जाळी असते ती एखाद्या वेळी तोल जाणाऱ्यासाठी. शिकागोच्या कुक काउंटीत, अटलांटाच्या ग्रेडीत किंवा डॅलसच्या पार्कलँडमध्ये येणारे कितीतरी लोक झोक्यावर कधी चढलेलेच नसतात.

नाव अलीकडचे, राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात रुळलेले; वस्तू मात्र फार जुनी. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यूची सुरुवात 1736 साली निराधार-गृहाच्या माडीवर सहा खाटांनी झाली. ऐपत असलेला माणूस आजारी पडला की डॉक्टर त्याच्या घरी जात. रुग्णालयात जायचे ते ज्याला घर नाही, माणसे नाहीत त्याने. पुढे शस्त्रक्रिया सुरक्षित झाली, श्रीमंतही रुग्णालयात जाऊ लागले आणि दोन वाटा पडल्या: बिल भरणाऱ्यांची रुग्णालये आणि शहराची. शहराच्या रुग्णालयांना कमी लेखू नये. अमेरिकेतील रुग्णालयातली पहिली रक्तपेढी 1937 साली कुक काउंटीतच सुरू झाली. पुढच्या काळात अशा रुग्णालयांच्या रात्रपाळ्या परदेशातून आलेल्या डॉक्टरांनी सांभाळल्या; मुंबई-पुण्यात शिकून तिकडे गेलेलेही त्यांत होते.

1965 साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आणले आणि विचाराची दिशाच बदलली. गरिबाला वेगळे रुग्णालय कशाला? त्याच्या हाती विम्याचे कार्ड द्या, तो चारचौघांसारखा हव्या त्या दारात जाईल. या विचारात गरिबाचा मान आहे. आपल्याकडच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या मुळाशीही बऱ्याच अंशी हाच विचार आहे. त्यामुळे मी त्याची टिंगल करणार नाही. पण 1977 साली फिलाडेल्फिया जनरल हे जुने सार्वजनिक रुग्णालय बंद झाले, तेव्हा तोटा आणि मोडकळीला आलेल्या इमारती यांच्या जोडीला हाही युक्तिवाद होता की, आता रुग्णांकडे कार्ड आहे, ते दुसरीकडे जातील.

ते खरेच जाऊ शकत होते का? याचे उत्तर कुक काउंटीच्या डॉक्टरांनी शोधले. 1983च्या अखेरीस इतर रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतून आपल्याकडे पाठवल्या गेलेल्या 467 रुग्णांची त्यांनी नोंद ठेवली आणि 1986 साली ती प्रसिद्ध केली. पाठवण्याचे कारण ज्यांच्या बाबतीत कळले, त्यांतल्या 87 टक्क्यांना पुरेसा विमा नसल्यामुळे हलवले होते. सुमारे चौथा हिस्सा येऊन पोचला तेव्हा त्याची प्रकृती स्थिर नव्हती. या प्रकाराला तिथले लोक ‘डंपिंग’ म्हणतात. आपल्याकडे डिपॉझिट संपले की खासगी रुग्णालयातून ‘सरकारीत हलवा’ असे सुचवले जाते. शब्द सौम्य, अर्थ तोच.

त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने कायदा केला: मेडिकेअर घेणाऱ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जो येईल त्याला तपासलेच पाहिजे, स्थिर केलेच पाहिजे, मग त्याच्या खिशात काही असो वा नसो. माझ्या मते अमेरिकेच्या आरोग्य-इतिहासातले हे सर्वांत उदार वाक्य आहे. आणि सर्वांत स्वस्तही, कारण त्याच्यासोबत एक डॉलरही दिला गेला नाही.

मॅसॅच्युसेट्सने 2006 साली कार्डाचा विचार तडीस नेला. जवळजवळ सगळ्यांना विमा मिळाला. त्यासाठी जे पैसे लावले, त्यांतला काही भाग आधी विनाविमा रुग्णांच्या उपचारापोटी थेट रुग्णालयांना मिळत असे. तीनच वर्षांत बॉस्टन मेडिकल सेंटरने राज्यावर खटला भरला: आम्हाला खर्चाइतकेही पैसे मिळत नाहीत. गंमत म्हणजे कार्ड हाती आल्यावरही बरेच रुग्ण जुन्याच दारात येत राहिले. नाइलाज म्हणून नव्हे. तिथे त्यांची भाषा बोलणारा दुभाष्या होता, ते घराजवळ होते, ओळखीचे होते. बॉस्टन मेडिकलमध्ये तर 2001पासून धान्याचे कोठार आहे; डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात आणि रुग्ण तिथून शिधा घेऊन जातो. विम्याच्या कोणत्या रकान्यात हे बसवायचे?

2010च्या ओबामांच्या कायद्याने हाच नमुना देशभर नेला. हिशेब सरळ होता: विमा वाढेल, फुकट उपचार घटतील, म्हणून अशा रुग्णालयांना मिळणारे मेडिकेडचे खास अनुदान कमी करता येईल. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने मेडिकेडचा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जियाने तो पूर्णपणे स्वीकारला नाही. अनुदानकपात मात्र कायद्यात तशीच राहिली आणि काँग्रेस तिची तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलत आली. 2022 साली जॉर्जियातल्या अटलांटाचे आणखी एक मोठे रुग्णालय बंद झाले, तेव्हा शहरात प्रौढांसाठीचे सर्वोच्च श्रेणीचे एकच अपघात केंद्र उरले, ग्रेडीचे. जॉर्जियाने कार्ड नाकारलेल्यांचे ओझेही त्याच ग्रेडीवर आहे.

कार्ड नकोच, असे म्हणणाऱ्यांशी माझे जमणार नाही. कार्डामुळे लाखोंना उपचार मिळाले. चूक झाली ती कार्ड आणि दार एकच समजण्यात. कार्ड माणसाबरोबर फिरते, नूतनीकरण चुकले की रद्द होते. दार मात्र रात्री दोन वाजताही उघडे ठेवावे लागते. परिचारिका, रक्त, भाजलेल्यांचा कक्ष तयार ठेवावा लागतो, रुग्ण येवो न येवो. त्या तयारीचे बिल कोणत्याही एका रुग्णाच्या नावे फाडता येत नाही.

2025च्या जुलैत झालेल्या नव्या कायद्याने मेडिकेडला मोठी कात्री लावली आहे. विस्तारातून कार्ड मिळालेल्या अनेक प्रौढांना 2027च्या सुरुवातीपर्यंत कामाचा पुरावा देण्याची अटही लागू होणार आहे. ज्यांची कार्डे जातील त्यांना तातडीच्या विभागात तपासण्याची सक्ती 1986च्या त्याच कायद्याने आहे. त्या कायद्यात पैशाची तरतूद आजही नाही.