मोगऱ्याला थंडीत किती पाणी?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥


इंदूरला पारा 10 अंशांखाली गेला की माझ्या गच्चीवरचा मोगरा पिवळा पडतो. यंदा पौषात मी घाबरून त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होते. त्याच दिवसांत मुलगा नोकरी सुटून घरी बसलेला. त्याच्यामागेही माझं चालूच, "अर्ज केलास का? जपाला बसलास का?" तो खोलीचं दार लावून घ्यायला लागला.

माळीदादांनी कुंडीत बोट घालून पाहिलं. म्हणाले, मुळं कुजतील, झाड झोपलंय, पाणी कमी करा. माघात त्यांनी फांद्या अर्ध्यावर छाटल्या, शेणखत घातलं. माझा तर जीवच कळवळला! पण मोगरा नव्या फुटव्यावरच फुलतो. चैत्रात शेंड्याशेंड्याला कळ्या आल्या.

तेव्हा उमगलं, मी पाणी घालत होते ते झाडाची तहान बघून नव्हे, स्वतःची भीती शमवायला. माऊली सांगतात, सेवा आपली, फळ त्यांचं. मी सेवा करत होते, पण फळ सोडलंच नव्हतं.

मुलाला अजून नोकरी लागलेली नाही. पण आता मी विचारत नाही. त्याच्यासाठी रोज एक माळ जपते. परवा गुरुवारी आरतीला तो आपणहून येऊन उभा राहिला. ओंजळीत मोगरा होता.

आपल्या घरात कुठे पाणी जास्त होतंय, ते प्रत्येकाने पाहावं. तिथे बोलणं थोडं कमी, नाम थोडं जास्त.

श्रीगुरुचरणी अर्पण 🙏