हुकूम मोडला म्हणून हाडे मोडायची?



१३ सप्टेंबर २००६ रोजी झिम्बाब्वेतील कामगार संघटनांनी पुरेसे वेतन व एड्सवरील औषधे यांसाठी मोर्चे पुकारले. पोलिसांनी मनाई केली. हरारेमध्ये नेत्यांना अटक करून कोठडीत बेदम मारण्यात आले. सरचिटणीस वेलिंग्टन चिबेबे यांचा हात मोडला. पोलिसांचे ऐकले नाही म्हणून मार मिळाला, असे सांगून राष्ट्राध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांनी त्याचे जाहीर समर्थन केले.

हा युक्तिवाद नीट तपासू या. मोर्चा पांगवायला बळ लागले असे एक वेळ म्हणता येईल. पण कोठडीतला माणूस कोणता मोर्चा काढणार? त्याला मारणे ही शिक्षाच, तीही न्यायालयाविना. शिवाय मनाईच अन्यायाची होती. संघटना करणे हा माणसाचा नैसर्गिक हक्क आहे. राज्याने तो राखायचा असतो, मोडायचा नसतो, असे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरूम नोव्हारूम’ या परिपत्रकात शिकवले.

मुगाबे जेझुइटांच्या शाळेत शिकले होते. स्वातंत्र्यासाठी त्यांनी सुमारे दहा वर्षे तुरुंगवास सोसला होता. म्हणजे सोसलेले दुःख माणसाला आपोआप न्यायी करीत नाही. सत्ता हाती आल्यावरही ते दुःख आठवावे लागते.

आपल्या हाताखालचा माणूस ‘नाही’ म्हणतो, तेव्हा आपल्याला काय आठवते?