बिनहुद्द्याचा वैमानिक

जून १९४४ च्या अखेरीस न्यू गिनीतल्या हॉलंडिया तळावर, अमेरिकेच्या ४७५ व्या फायटर ग्रुपच्या छावणीत एक उंच, बेचाळिशीचा माणूस येऊन उभा राहिला. अंगावर नौदलाच्या अधिकाऱ्याचा गणवेश, पण त्यावर हुद्द्याची एकही खूण नाही. ग्रुपचा प्रमुख कर्नल चार्ल्स मॅकडोनल्ड सहकाऱ्याबरोबर चेकर्सचा डाव मांडून बसला होता. पाहुण्याचे नाव त्याने धड ऐकलेही नाही. पटावरची नजर न काढता त्याने विचारले, विमान चालवता का तुम्ही? पाहुणा हो म्हणाला. मग जरा वेळाने मॅकडोनल्डच्या डोक्यात प्रकाश पडला. समोर चार्ल्स लिंडबर्ग उभा होता. १९२७ साली न्यूयॉर्कहून निघून साडेतेहतीस तास डोळ्याला डोळा न लावता एकट्याने अटलांटिक ओलांडणारा लिंडबर्ग, आणि तीनच वर्षांपूर्वी खुद्द राष्ट्राध्यक्षांनी ज्याला फितुरांच्या पंगतीत बसवले होते तोही हाच.

हुद्द्याची खूण नव्हती, कारण हुद्दाच उरला नव्हता. एप्रिल १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने पत्रकारांसमोर त्याची तुलना अमेरिकन यादवी युद्धातल्या दक्षिणधार्जिण्या पुढाऱ्याशी केली, तेव्हा लिंडबर्गने राखीव हवाई दलातल्या कर्नलपदाचा राजीनामा पाठवून दिला. पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर त्याला सैन्यात परतायचे होते. युद्धमंत्री स्टिमसनने दाद दिली नाही. विमान कंपन्यांनी त्याला घ्यायची तयारी दाखवली आणि व्हाइट हाउसची नाराजी कळताच हात आखडले. शेवटी हेन्री फोर्डने त्याला विलो रन कारखान्यात बोलावले. तिथे बी-२४ बॉम्बर विमाने बनत. पुढे त्याने पी-४७ विमानातून चाळीस हजार फुटांच्या वर जाऊन चाचण्या केल्या; एका उड्डाणात प्राणवायू संपून त्याची शुद्ध हरपली आणि विमान बरेच खाली आल्यावर तो भानावर आला. पॅसिफिकमध्ये तो पोचला तो युनायटेड एअरक्राफ्ट कंपनीचा तांत्रिक प्रतिनिधी म्हणून. म्हणजे कागदोपत्री मुलकी माणूस. जपान्यांच्या हाती सापडला असता तर युद्धकैद्याचे संरक्षणही त्याला मागता आले नसते.

तिथे त्याने जे केले ते मला त्याच्या अटलांटिक उड्डाणापेक्षा अधिक विलक्षण वाटते. पी-३८ लाइटनिंग या दोन इंजिनांच्या लढाऊ विमानातून तो तरुण वैमानिकांबरोबर मोहिमांवर जाऊ लागला. परतल्यावर मेकॅनिक टाक्या तपासत, तेव्हा लिंडबर्गच्या विमानात इतरांपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल शिल्लक असे. मोहीम तीच, अंतर तेच. यात गूढ काही नव्हते. वैमानिकाच्या हाताशी इंजिनाचे तीन दांडे असतात. एकाने इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब ठरतो, दुसऱ्याने पंख्याचे फेरे, तिसऱ्याने हवेत पेट्रोल किती मिसळायचे ते. मुले शिकवल्याप्रमाणे फेरे चढे ठेवत आणि मिश्रण दाट. लिंडबर्गने उलटे केले. फेरे मिनिटाला सोळाशेपर्यंत उतरवले, दाब वाढवला, मिश्रण पातळ केले. मुले बिचकली. अशाने प्लग काजळतील, इंजिन ठोके देईल, समुद्रावर बंद पडेल, अशी त्यांची भीती. त्याच्या विमानाची इंजिने तपासली तर ती ठणठणीत निघाली. हळूहळू सगळ्या ग्रुपने ही रीत उचलली, आणि सहा-सात तासांत माघारी फिरणारी विमाने नऊ-दहा तास हवेत राहू लागली. जिथवर लढाऊ विमानांचे संरक्षण पोचत नव्हते अशी जपानी ठाणी टप्प्यात आली.

हा धडा १९२७ चाच होता. स्पिरिट ऑफ सेंट लुइस विमानात त्याने रेडिओ घेतला नव्हता, पॅराशूट घेतले नव्हते, नकाशांच्या कडासुद्धा कापून टाकल्या होत्या. प्रत्येक औंसाऐवजी पेट्रोल.

एक मुलकी माणूस लढाईत उडतो आहे हे वरिष्ठांना कळले, तेव्हा जनरल केनीने त्याला थांबवले. मग ब्रिस्बेनमध्ये सरसेनापती मॅकआर्थरची भेट झाली आणि पेट्रोलची गोष्ट ऐकून मॅकआर्थरने त्याला परत जायला सांगितले. २८ जुलैला सेराम बेटाजवळ त्याने जपानी हवाई दलाच्या कॅप्टन साबुरो शिमादाचे विमान पाडले. दोघे समोरासमोर एकमेकांवर चालून आले होते आणि टक्कर थोडक्यात हुकली. चारच दिवसांनी पलाऊवर जपान्यांचे एक झीरो लढाऊ विमान त्याच्या मागे लागले. मॅकडोनल्ड आणि सोबत्यांनी ते हुसकावले म्हणून तो वाचला. इतक्या मोलाच्या माणसाला एवढ्या पुढे नेले म्हणून मॅकडोनल्डलाच काही काळ मायदेशी धाडण्यात आले. सप्टेंबरमध्ये मार्शल बेटांवर कोर्सेअर विमानाला चार हजार पौंडांचे बॉम्ब बांधून त्याने तेही विमान किती ओझे पेलते ते दाखवले. सगळ्या मिळून पन्नासच्या आसपास मोहिमा.

लिंडबर्गचे नाव निघाले की या मोहिमा पुढे येतातच. त्याचे चाहते त्या हुकमाच्या पानासारख्या टाकतात. नाझींचा हस्तक म्हणता ना त्याला? मग हुद्दा नाही, पगार नाही, मरणाची खात्री मात्र आहे, अशा ठिकाणी तो का गेला? विरोधक म्हणतात, डाग धुण्यासाठी. माझ्या मते दोन्ही पक्ष एकाच गैरसमजावर उभे आहेत. युद्धातले वर्तन हे त्याच्या राजकारणाचे उत्तर आहे, असे दोघेही गृहीत धरतात.

राजकारण काय होते? १९३२ मध्ये त्याचे तान्हे मूल पळवून मारले गेले. त्या खटल्यात वृत्तपत्रांनी घातलेला धुडगूस सोसवेना, म्हणून १९३५ च्या डिसेंबरात तो कुटुंबासह इंग्लंडला गेला. तिथून बर्लिनमधल्या अमेरिकन लष्करी प्रतिनिधीच्या सूचनेवरून तो जर्मनीत जाऊ लागला. काम होते जर्मन हवाई दलाचा अंदाज घेण्याचे, आणि ते त्याच्या सरकारला हवेही होते. कारखाने पाहिले, विमाने स्वतः चालवून पाहिली. यजमानांनी जे दाखवले ते त्याने बारकाईने पाहिले, पण ते का दाखवताहेत हा प्रश्न त्याला फारसा पडला नाही. म्युनिकच्या तडजोडीआधी त्याने लंडनमधला अमेरिकन राजदूत केनेडीला लिहून दिलेला अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच फुगलेला होता. ऑक्टोबर १९३८ मध्ये बर्लिनमधल्या अमेरिकन राजदूताच्याच घरच्या मेजवानीत जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंगने पूर्वसूचना न देता त्याच्या हातात पदक ठेवले. तीन आठवड्यांनी जर्मनीभर सिनेगॉग जळाले. ते पदक त्याने कधी परत केले नाही. पदक स्वीकारल्याबद्दल मी त्याला दोष देणार नाही. आपल्या राजदूताच्या घरी समोर आलेला हात झिडकारणे सोपे नसते. पण नंतर, वेळ आणि टपाल दोन्ही हाताशी असताना?

मायदेशी परतून त्याने अमेरिकेने युद्धात पडू नये म्हणून रान उठवले. यातही गैर काही नव्हते. त्याचे वडील काँग्रेसचे सदस्य असताना पहिल्या महायुद्धात उतरण्याच्या विरोधात होते आणि त्यांनी त्याची राजकीय किंमत मोजली होती. हीच मागणी करणाऱ्या अमेरिका फर्स्ट कमिटीच्या झेंड्याखाली समाजवाद्यांपासून उद्योगपतींपर्यंत नाना तऱ्हेची माणसे होती. रूझवेल्ट मात्र मे १९४० मध्येच अर्थमंत्री मॉर्गेनथाऊला खासगीत सांगून बसला होता की लिंडबर्ग नाझी आहे याची आपल्याला पक्की खात्री आहे. हा आरोप खोटा होता. आणि बेफाम आरोपाचा तोटा असा की तो फोल ठरला की खरी गोष्टही त्याच्यासोबत वाहून जाते.

खरी गोष्ट आयोवा राज्यातल्या डेस मॉइन्समधली. ११ सप्टेंबर १९४१. सभागृहात सुमारे आठ हजार लोक. आधी रूझवेल्टचे रेडिओभाषण सगळ्यांना ऐकवले गेले, मग लिंडबर्ग उभा राहिला. देशाला युद्धाकडे ढकलणारे तीन गट आहेत, तो म्हणाला. ब्रिटिश, ज्यू आणि रूझवेल्टचे सरकार. जर्मनीत ज्यूंचा जो छळ चालला आहे त्याचे समर्थन कोणीही सभ्य माणूस करणार नाही, हेही त्याने म्हटले. मग चित्रपट, वृत्तपत्रे, रेडिओ आणि सरकार यांतल्या ज्यूंच्या प्रभावाचा धोका सांगितला, आणि युद्ध झाले तर त्याची झळ आधी त्यांनाच लागेल असा इशारा दिला. ते त्यांचे हित पाहतात यात त्यांचा दोष नाही, पण आपण आपले पाहिले पाहिजे, असा एकूण रोख. आवाज चढलेला नाही, शिवी नाही. म्हणूनच ते भाषण इतके वाईट आहे. लंडनच्या सरकारच्या शेजारी ब्रुकलिनचा ज्यू शिंपी नेऊन बसवला होता. तो शिंपी अमेरिकेचा नागरिक आहे, कर भरतो, त्याचा मुलगा सैन्यात जाईल, हे या हिशेबात कुठेच धरलेले नाही.

त्याची पत्नी ॲन लिंडबर्गने भाषणाचा मसुदा आधी वाचला होता आणि ती हादरली होती. देशात ज्यूद्वेष भडकण्यापेक्षा युद्ध परवडले, असे तिला वाटले. ती स्वतः आदल्याच वर्षी एक वादग्रस्त पुस्तक लिहून टीकेची धनी झालेली. तिलाही जे दिसले ते नवऱ्याला दिसेना. मी खरे तेच सांगितले, मग गहजब कशाचा, असा त्याचा भाव. वेंडेल विल्कीसारख्या रिपब्लिकन नेत्यानेही त्या भाषणाचा कडक निषेध केला. लिंडबर्गने ते कधीही मागे घेतले नाही.

आता पॅसिफिकमधल्या त्या पन्नास मोहिमा या भाषणासमोर ठेवून पाहाव्यात. त्यांतून फितुरीचा आरोप साफ खोडला जातो. डेस मॉइन्सचा आरोप मात्र फितुरीचा नव्हताच. देश कोणाचा मानायचा, हा तिथला प्रश्न होता. देशासाठी मरायला निघालेला माणूससुद्धा शेजाऱ्याला देशाबाहेरचा समजू शकतो; बहुतेक वेळा समजतोच.

शिवाय त्याने पाडलेले विमान जपानी होते, हे चाहते सांगत नाहीत. युरोपात पाठवणे त्याच्या हातात नव्हते, हे मान्य. पण नोव्हेंबर १९३९ च्या रीडर्स डायजेस्टमधला त्याचा लेख आपण आशियाई वाचकांनी तरी विसरू नये. विमानविद्या ही पाश्चात्त्यांना मिळालेली देणगी आहे, आशियाच्या गर्दीपासून युरोपचा वारसा राखणारी ती भिंत आहे, म्हणून गोऱ्या राष्ट्रांनी आपापसात लढू नये, असा त्याचा आशय. हे लिहिणारा माणूस दोनच वर्षांपूर्वी, १९३७ मध्ये, पत्नीसह छोट्या माइल्स मोहॉक विमानातून हिंदुस्थानात येऊन गेला होता. रामकृष्ण परमहंसांच्या जन्मशताब्दीनिमित्त कलकत्त्यात भरलेल्या सर्वधर्म परिषदेलाही तो गेला होता. तरीही आपण त्याला गर्दीच दिसलो.

तेव्हा पॅसिफिकमधली लढाई ही त्याच्या विचारांना छेद देणारी नव्हती, असे म्हणून मी इथेच थांबलो असतो. पण त्याच्या युद्धरोजनिशीतली न्यू गिनीजवळच्या बियाक बेटाची पाने थांबू देत नाहीत. बियाकच्या गुहांत अडकलेल्या जपानी सैनिकांचे अमेरिकनांनी काय केले, शरण येऊ पाहणाऱ्यांना कसे मारले, मेलेल्यांच्या तोंडातले सोन्याचे दात कसे उपटले, हाडांच्या वस्तू कशा घडवल्या, हे त्याने नोंदवून ठेवले आहे. आपल्याच बाजूच्या मुलांविषयी, ज्यांच्याबरोबर तो सकाळी उडत होता त्यांच्याविषयी. शत्रूच्या शौर्याला कोणी मान देत नाही, याची त्याला शरम वाटली. त्या काळात असे लिहिणारे अमेरिकन थोडे होते, आणि इतिहासकार आज पॅसिफिक युद्धातल्या क्रौर्याचा पुरावा म्हणून ही पाने वापरतात. १९३९ च्या लेखात गर्दी असलेला आशियाई माणूस इथे, मेल्यावर का होईना, माणूस झाला.

जून १९४५ मध्ये तो जर्मन रॉकेटांचा शोध घेणाऱ्या पथकाबरोबर नॉर्डहाउझेनजवळच्या डोरा छळछावणीत गेला. भट्ट्या पाहिल्या, हाडांच्या चुऱ्याने आणि राखेने भरलेला खड्डा पाहिला. हाडांचा सापळा झालेला एक पोलिश मुलगा वाट दाखवत होता. लिंडबर्ग हादरला हे त्याच्या नोंदीत स्वच्छ दिसते. पण त्याच नोंदीत त्याचे मन बियाककडे वळते. जर्मनांनी ज्यूंचे जे केले तेच आपण जपान्यांचे करतो आहोत, हे कोणा एका राष्ट्राचे पाप नव्हे, असा निष्कर्ष तो काढतो. बियाकमध्ये बेशिस्त सैनिक हात मारत होते आणि काही अधिकारी डोळेझाक करत होते. डोरामध्ये एका सरकारने कारखाना आखून माणसे झिजवली होती. इंजिनात पेट्रोल किती थेंब जास्त जळते हे ज्याला कानाने कळायचे, त्याला हा फरक कळू नये हे मला पटत नाही. तो कळला असता तर डेस मॉइन्सपर्यंत मागे जावे लागले असते. आपण ज्यापासून दूर राहू या म्हणत होतो ते नेमके काय होते, हे स्वतःला विचारावे लागले असते.

१९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने त्याला राखीव हवाई दलात ब्रिगेडियर जनरल केले. त्याच वर्षी अटलांटिक उड्डाणावरच्या त्याच्या पुस्तकाला पुलित्झर मिळाले. उतारवयात तो देवमाशांसाठी आणि फिलिपिन्समधल्या जंगलांसाठी झटत फिरला. त्याचे हे काम मनापासूनचे होते. १९७० मध्ये युद्धकाळातली रोजनिशी छापली गेली, तेव्हा प्रस्तावनेदाखल जोडलेल्या पत्रात त्याने लिहिले की लष्करी अर्थाने आपण युद्ध जिंकलो, पण व्यापक अर्थाने हरलो. हरलेल्या गोष्टींची यादी त्याने दिली. पाश्चात्त्य संस्कृतीची ताकद गेली, साम्राज्ये गेली, सोव्हिएत रशिया वाढला. त्या यादीत डोराचा पोलिश मुलगा नाही.